लपवलेला रोग आणि शेजारधर्म

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाचा तेरावा अध्याय आपल्यापैकी फार थोड्यांनी आवडीने वाचला असेल. कातडीवरचे चट्टे, सूज, पांढरे पडलेले केस, सात दिवसांचे विलगीकरण, पुन्हा तपासणी, पुन्हा सात दिवस... सेमिनरीत असताना आम्ही हा अध्याय शक्य तितक्या लवकर उलटून पुढे जात असू. त्यात ना कथा, ना काव्य, ना प्रार्थना. धर्मगुरू म्हणून काही वर्षे काढल्यावर मात्र त्यातील एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. या अध्यायात रोग्याला पाहण्याचे काम वैद्याकडे सोपवलेले नाही. ते याजकाकडे आहे. याजकापाशी औषध नाही. तो कोणाला बरे करीत नाही. तो पाहतो, थांबतो, पुन्हा पाहतो आणि जे दिसले ते लोकांसमोर सांगतो. एवढेच त्याचे काम. पण ते वेदीवरच्या सेवेइतकेच त्याच्यावर बंधनकारक आहे.

या अध्यायाची आठवण मला अलीकडे झाली ती घोड्यांच्या एका रोगाविषयी वाचताना. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांचा घोड्यांशी संबंध आता लग्नाच्या वरातीत किंवा माथेरानच्या सहलीत येईल तेवढाच. तरीही या रोगाच्या निमित्ताने उभा राहणारा प्रश्न प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत येणारा आहे, म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करू.

रोगाचे नाव ग्लँडर्स. घोडे, गाढवे आणि खेचरे यांना तो होतो. नाकातून चिकट स्राव वाहतो, नाकाच्या आतल्या त्वचेवर व्रण पडतात, फुप्फुसांत गाठी होतात. कधी पायांवर आणि अंगावर गाठींची माळ उठून त्या फुटतात. हा रोग माणसालाही होऊ शकतो. जनावराला खरारा करणारा, त्याला पाणी पाजणारा, त्याच्याजवळच झोपणारा माणूस प्रथम धोक्यात येतो आणि उपचार न झाल्यास त्याचा जीव जाऊ शकतो. १८८२ साली जर्मनीत लफ्लर आणि शुट्झ या शास्त्रज्ञांनी त्याचा जंतू वेगळा करून दाखवला. परंतु आजतागायत या रोगावर लस निघालेली नाही, आणि बाधित जनावराला औषध देऊन जगवण्याचा मार्ग शासन स्वीकारीत नाही. कारण बरे झाल्यासारखे दिसणारे जनावरही जंतू बाळगून असते.

या रोगाचे सर्वांत कठीण लक्षण म्हणजे लक्षणच नसणे. पुष्कळदा घोडा खातो, पितो, ओझे वाहतो, मालकाच्या हाकेला कान टवकारतो आणि त्याच वेळी आत रोग दडलेला असतो. हा दडलेला रोग उघड करण्यासाठी १८९० च्या सुमारास रशियन साम्राज्यातील हेलमन आणि काल्निंग या पशुवैद्यांनी मॅलीन नावाचा पदार्थ तयार केला. तो टोचला की निरोगी घोड्याला काही होत नाही, बाधित घोड्याच्या अंगावर मात्र सूज येते. हे काम करता करता काल्निंग यांना स्वतःलाच ग्लँडर्सची बाधा झाली आणि ते मृत्यू पावले. त्यानंतरच्या काही दशकांत अनेक देशांनी या साधनाच्या बळावर हा रोग आपल्या भूमीवरून हटवला. ब्रिटनमधून तो १९२८ मध्ये नाहीसा झाला. लस नव्हती, औषध नव्हते. घोडे तपासणे, बाधित घोडा शोधणे, त्याला ठार करणे आणि आसपासचे घोडे पुन्हा तपासणे, एवढ्यावरच ते साध्य झाले.

आपल्या देशात १८९९ पासून ग्लँडर्सविषयी स्वतंत्र कायदा होता. २००९ साली जनावरांच्या सांसर्गिक रोगांसंबंधी एकच व्यापक कायदा आला आणि जुना कायदा त्यात विलीन झाला. या नव्या कायद्याप्रमाणे आपल्या जनावराला असा रोग झाला असावा असे वाटण्यास कारण असेल, तर मालकाने किंवा जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने ते गावच्या अधिकाऱ्याला अथवा ग्रामपंचायतीला कळवले पाहिजे, आणि ते जनावर इतरांपासून वेगळे ठेवले पाहिजे. काही वर्षांच्या खंडानंतर २००६ मध्ये हा रोग भारतात पुन्हा आढळला, तो आपल्या महाराष्ट्रात. पुढे तो उत्तरेकडील राज्यांतही दिसला. २०१९ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. वीटभट्ट्या, बाजार, जत्रा, टांग्यांचे अड्डे येथून घोड्यांच्या रक्ताचे नमुने घेतले जातात. पहिली चाचणी संशयास्पद आली, तर नमुना हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. तेथेही दोष ठरला, तर त्या जनावराला वेदना न देता ठार करून खोल खड्ड्यात पुरले जाते, जागा निर्जंतुक केली जाते आणि त्या परिसरातील घोड्यांची ने-आण थांबते.

कागदावर हे सारे स्वच्छ आणि निर्विवाद दिसते. आता ते एका घोडेवाल्याच्या अंगणात उभे राहून पाहू.

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे तीन लाख चाळीस हजार उरली होती. आधीच्या सात वर्षांत ही संख्या जवळजवळ निम्म्याने घटली होती. उरलेल्यांतील फार मोठा भाग शर्यतीच्या मैदानावरचा नाही. तो विटा वाहतो, टांगा ओढतो, डोंगरावर यात्रेकरू आणि सामान नेतो, वरातीत नाचतो. त्या एका जनावरावर पाच-सहा माणसांचे जेवण, मुलांची फी आणि सावकाराचा हप्ता अवलंबून असतो. अशा माणसाच्या अंगणात पशुवैद्य येतो आणि म्हणतो, “भाऊ, रक्त घ्यायचे आहे.” घोडा तर तजेलदार उभा आहे. रक्त दिले नाही तर उद्या सकाळी तो कामावर जाईल. रक्त दिले, आणि ते दूषित निघाले, तर हाच घोडा आठवड्याभरात खड्ड्यात असेल. मालकाने काय करावे? रात्रीच घोडा घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातील पाहुण्याकडे निघून जावे, असे त्याला वाटले तर आपण त्याला केवळ अडाणी किंवा दुष्ट म्हणून मोकळे होणार आहोत का?

मी तसे म्हणणार नाही. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्याने कोणाचे वाईट चिंतलेले नाही. त्याचा घोडा आजारी दिसत नाही. आपल्या लेकरांना जगवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे, आणि हे कर्तव्य कोणा अधिकाऱ्याने नव्हे तर निसर्गाने, म्हणजे पर्यायाने परमेश्वराने, त्याच्यावर सोपवले आहे. शिवाय नीतिशास्त्रात आम्हांला शिकवले होते की मनुष्यकृत कायदा सहसा माणसाकडून असामान्य त्यागाची अपेक्षा करीत नाही. मग हा कायदा त्याला आपल्या हाताने स्वतःच्या चुलीत पाणी ओतायला का सांगतो?

उत्तराचा पहिला भाग निर्गम पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात सापडतो. तेथे शिंग मारणाऱ्या बैलाचा नियम आहे. बैलाने अचानक कोणाला मारले, तर मालक निर्दोष ठरतो. पण तो बैल मारका आहे हे मालकाला पूर्वीच सांगितले गेले होते आणि तरी त्याने त्याला आवरले नाही, तर मालक दोषी. बैल तोच, शिंग तेच, मृत्यूही तसाच. फरक आहे तो मालकाला असलेल्या जाणिवेचा. जे ठाऊक झाले त्याबरोबर जबाबदारी येते, हे सूत्र तीन हजार वर्षांपूर्वीच्या मेंढपाळांना पक्के समजले होते.

येथे कोणी म्हणेल, “म्हणूनच तर मला ठाऊक करून घ्यायचे नाही. रक्त दिलेच नाही, तर मला काही कळणार नाही; आणि कळले नाही, तर दोषही नाही.” ही पळवाट फार जुनी आहे आणि संत थॉमस अक्वायनस यांनी ती बंद करून ठेवली आहे. अज्ञानाने दोष कमी होतो हे ते मान्य करतात. पण माणूस सोयीसाठी जे अज्ञान मुद्दाम पत्करतो, ते त्याच्या इच्छेचेच कृत्य होय, असे ते बजावतात. डोळे मिटणे हीदेखील एक कृतीच आहे. तपासणीला नकार देणारा माणूस अज्ञानी राहत नाही. तो आपले अज्ञान जपणारा होतो. आणि त्याची किंमत शेजारच्या ठाणातील घोडा, त्या घोड्याला चारा घालणारा पोर आणि पुढच्या बाजारात भेटणारा अनोळखी गाडीवान मोजतो.

हे मी उंच आसनावर बसून लिहीत नाही. जानेवारी २०२२ मध्ये कोविडची तिसरी लाट आपल्याकडे पसरत होती. महिन्याचा पहिला शुक्रवार जवळ आला होता. घरी खिळलेल्या आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेण्याचा तो दिवस. आदल्या संध्याकाळी माझा घसा खवखवू लागला, अंग किंचित कोमट वाटले. तपासणीचा संच माझ्या कपाटात होता. मी कपाट उघडले नाही. मनाशी म्हटले, थंडीचे दिवस आहेत, आवाज बसला असेल. खरे कारण असे होते की दोन रेघा दिसल्या असत्या तर मला जाता आले नसते, आणि ती म्हातारी माणसे आठ दिवसांपासून माझी वाट पाहत होती. शुक्रवारी मी अकरा घरे केली. सोमवारी ताप चढला तेव्हा तपासले, आणि दोन रेघा दिसल्या. त्या अकरांपैकी कोणालाही काही झाले नाही, ही देवाची कृपा. त्यात माझे पुण्य काही नाही. मी त्यांच्याकडे पवित्र वस्तू घेऊन गेलो होतो, आणि तिच्याबरोबर आणखी काय नेत आहे हे न पाहण्याचे मी ठरवले होते. माझ्या पुढल्या प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी मी हे सांगितले तेव्हा ते कोणत्या आज्ञेखाली सांगावे, हे मला क्षणभर सुचेना. शेवटी पाचव्या आज्ञेखाली सांगितले.

तेव्हापासून घोडेवाल्यावर दगड उचलताना माझा हात जड होतो. माझे पोट घोड्यावर नव्हते. माझ्यापुढे प्रश्न होता तो फक्त एका शुक्रवारचा.

आता शेजाऱ्याचा प्रश्न. समजा, मालक गप्प आहे, पण त्याच्या घोड्याच्या नाकातील स्राव मी पाहिला. मी कळवावे काय? आपल्या समाजात या कृत्याला चहाडी म्हणतात, आणि चहाडखोराला कोणी पाट मांडून देत नाही. या ठिकाणी मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने घालून दिलेला क्रम मला मार्गदर्शक वाटतो. आधी त्याला एकट्याला गाठून बोल. ऐकले नाही, तर एक-दोन जणांना बरोबर घेऊन जा. तरीही ऐकले नाही, तर मंडळीला सांग. चहाडी आणि साक्ष यांतला भेद या क्रमात आहे. चहाडखोर पहिली पायरी गाळतो. तो शेजाऱ्याच्या अंगणात न जाता थेट कचेरीत जातो, कारण त्याला रोग थांबवायचा नसून शेजाऱ्याला वाकवायचे असते. साक्ष देणारा आधी शेजाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, “चल, मी तुझ्याबरोबर येतो.” मात्र रोग पसरत असताना या तीन पायऱ्या चढायला महिना लावून चालणार नाही. एका सकाळी त्या तिन्ही चढता येतात. आणि तिसरी पायरी चढण्याची वेळ आलीच, तर मैत्रीसाठी मौन पाळणे हा सद्गुण राहत नाही.

राहिला घोडा. त्या मुक्या प्राण्याने कोणता अपराध केला? तपासणीच्या कागदावर दोष ठरला म्हणून धडधाकट दिसणाऱ्या जिवाला मारण्याचा हा हिशेब ऐकला की मला दुसराच एक हिशेब आठवतो. सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एकाने मरावे हे बरे, असा सल्ला प्रमुख याजक कयफा याने दिला होता, आणि तो सल्ला कोणाविषयी होता हे आपण प्रत्येक शुभ शुक्रवारी ऐकतो. मग आपणही कयफाच्याच पंक्तीला बसतो काय?

ख्रिस्तसभेची शिकवण येथे दोन गोष्टी एकत्र धरते. माणूस हा कधीही दुसऱ्यांच्या सोयीसाठी खर्ची टाकण्याचे साधन नाही. म्हणून कयफाचा हिशेब माणसाच्या बाबतीत सदैव पापच. प्राणी मात्र माणसाच्या सेवेसाठी सोपवलेले आहेत आणि गंभीर कारण असेल तर त्यांचा जीव घेता येतो. पण ते देवाची निर्मिती आहेत, त्यांना विनाकारण वेदना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. यातून काही अटी आपोआप निघतात. एकाच चाचणीवर विसंबून घाई करू नये. दुसरी, अधिक पक्की चाचणी झालीच पाहिजे. मारताना क्लेश होऊ नयेत. आणि इतके दिवस राबलेल्या त्या जिवाला कचऱ्यासारखे फरफटत नेऊ नये. योनाच्या पुस्तकाच्या अगदी अखेरीस, निनवे नगरावर दया का केली हे सांगताना परमेश्वराने तेथील गुराढोरांचाही उल्लेख केला आहे. तो काही उगाच नाही.

तथापि कयफाचा हिशेब दुसऱ्या दाराने आत येतो, आणि याचे भान आपण फार कमी ठेवतो. घोडा मारला आणि मालकाला मोकळ्या दोरीसह उभे ठेवले, तर सर्वांच्या आरोग्यासाठी आपण एका माणसालाच बळी दिले. कायदा लोककल्याणासाठी असला तरी त्याचे ओझे लोकांवर प्रमाणात वाटले गेले नाही, तर तो कायदा अन्याय्य ठरतो, असे संत थॉमस यांनीच म्हटले आहे. गेल्या काही वर्षांत शासनाने अशा घोड्यासाठी पंचवीस हजार रुपये आणि गाढव वा खेचरासाठी सोळा हजार रुपये अशी भरपाई ठरवली आहे. कामाच्या चांगल्या जनावराची बाजारातील किंमत याहून बरीच अधिक असते, आणि नवे जनावर मिळेपर्यंतचे रिकामे दिवस कोणी मोजत नाही. भरपाई म्हणजे उपकार नव्हे; ज्या सुरक्षेचा लाभ सर्वांनी घेतला तिची किंमत सर्वांनी मिळून भरणे, एवढाच तिचा अर्थ. ती अपुरी असेल किंवा उशिरा येत असेल, तर घोडा लपवणाऱ्याच्या पापात आपलाही वाटा आहे, असे मला वाटते.

लेवीयच्या चौदाव्या अध्यायात घरांच्या भिंतींवर उठणाऱ्या चट्ट्यांविषयी नियम आहेत. ज्याच्या घरात असा चट्टा दिसेल त्याने स्वतः येऊन याजकाला सांगावे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे कळवण्याचे कर्तव्य मालकाचेच. पण लगेच पुढे एक आज्ञा आहे. याजकाने घरात पाऊल टाकण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढून घ्यायला सांगावे. कारण एकदा त्याने घर अशुद्ध ठरवले, की आतले सारेच अशुद्ध ठरेल. माणसाने खरे सांगितले म्हणून त्याची अंथरुणे-पांघरुणे आणि भांडीकुंडी जाऊ नयेत, एवढी काळजी नियमशास्त्राने घेतली आहे. सत्य मागणाऱ्याने सत्य सांगणाऱ्याचे नुकसान आधी रोखले पाहिजे, ही शिकवण त्या एका ओळीत आहे. आणि मी सेमिनरीत ती ओळ उलटून पुढे गेलो होतो.

वाचकहो, आपल्या घरांत घोडे नाहीत. पण लपवलेले रोग आहेत. मुलीचे लग्न मोडेल म्हणून क्षयरोगाच्या गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवणारी आई मी पाहिली आहे. कामावरून काढतील म्हणून खोकला दाबून लोकलच्या गर्दीत उभा राहणारा तरुण पाहिला आहे. क्षयरोग्याची नोंद करणे डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पण नोंदवहीत नाव गेल्यावर त्या घरी किती जण पूर्वीसारखे चहाला जातात? आपण सत्याची अपेक्षा करतो आणि सत्य सांगणाऱ्याला वाळीत टाकतो. मग तो लपवतो, आणि आपण म्हणतो, “पाहा, कसा फसवा निघाला!”

म्हणून माझे मागणे दोन्ही बाजूंना आहे. ज्याच्या दाराशी तपासणी आली आहे त्याने दार उघडावे. डोळे मिटून मिळवलेली शांती ही दुसऱ्याच्या जिवावर घेतलेली उसनवारी असते. आणि बाकीच्यांनी, म्हणजे आपण, त्या दारापाशी रिकाम्या हातांनी उभे राहू नये. धर्मग्रामाच्या मदतनिधीतून महिन्याचे धान्य, मुलाची फी, दवाखान्यात सोबतीला एक माणूस, आणि बरे झाल्यावर पूर्वीच्याच बाकावर शेजारची जागा, एवढे तरी आपल्याला करता येईल. शासनाची भरपाई केव्हा यायची ती येवो. शेजाऱ्याची त्याच संध्याकाळी पोहोचू शकते.

माझ्या कपाटात तो तपासणीचा संच अजून आहे. त्याची मुदत केव्हाच संपली आहे. मी तो फेकलेला नाही. पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसादाची डबी घ्यायला कपाट उघडतो, तेव्हा तो समोर दिसतो, आणि बाहेर पडण्यापूर्वी मी क्षणभर थांबून स्वतःकडे पाहतो.